शाईच्या पेनाची निब कशी शोधावी, कशी बदलावी आणि पेनात शाई कशी भरावी

बरीच वर्षे कपाटात पडून असलेले शाईचे पेन हाती लागले किंवा नव्या पेनाची निब फरशीवर पडून वाकली, की नवशिक्या माणसाचे दोन गोष्टींवर अडते. तशीच दुसरी निब मिळवायची कुठून आणि पेनात शाई नीट भरायची कशी? दोन्ही कामे घरच्या घरी जमण्यासारखी आहेत. मात्र दुकानात जाऊन नुसते ‘एक निब द्या’ असे म्हटल्याने हाती योग्य वस्तू येत नाही. निबेवर कोणते नाव कोरले आहे यापेक्षा ती किती रुंद आहे, तिचा बाक केवढा आहे आणि ती पेनातल्या जिभेवर घट्ट बसते का, हे पाहणे कितीतरी महत्त्वाचे आहे. जीभ म्हणजे निबेच्या खाली बसणारा, बारीक खाचा असलेला, बहुधा काळा तुकडा. नळीतली शाई याच जिभेवरच्या अरुंद चरातून निबेपर्यंत येते आणि जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा त्याच वाटेने वर जाते. निब आणि जीभ यांच्यात फट राहिली, तर निब कितीही उत्तम असली तरी पेन अडखळतच लिहिते.

आधी धुवा, मग निब बदलण्याचा विचार करा

‘निब गेली’ असे सांगून बाजूला टाकलेल्या पेनांपैकी पुष्कळ पेनांची निब शाबूत असते आणि आत केवळ शाई वाळून बसलेली असते. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी पेन उघडून निबेचा भाग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि रंग येणे थांबेपर्यंत पाणी बदलत राहावे. गरम पाणी वापरू नये. त्याने प्लॅस्टिकचे भाग वाकतात आणि एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनाची झळाळी जाऊन ते तपकिरी, निस्तेज दिसू लागते. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते व वाळल्यावर त्याचा पांढरा क्षार मागे राहतो. त्यामुळे शेवटचे धुणे आरओ फिल्टरच्या पाण्याने करावे. स्पिरिट, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य पेनाला लावू नये, कारण अशा द्रव्यांनी प्लॅस्टिक विरघळू किंवा तडकू शकते.

धुतल्यानंतर निब उजेडासमोर धरून भिंगातून पाहावी. निबेच्या मधोमध एक चीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंची पाती टोकाला एकमेकांना जेमतेम टेकलेली असतात. एक पाते वर आणि दुसरे खाली गेले असेल, तर पेन कागद खरवडते. असा दोष थोडा असल्यास वर गेलेले पाते नखाने हलकेच खाली दाबून दुरुस्त करता येतो. चिरेत कागदाचा तंतू अडकलेला दिसला, तर जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी चिरेतून एक-दोनदा सरकवावी. टोकावर अगदी बारीक, चकचकीत मणी असतो. तो कठीण मिश्रधातूचा असून पूर्वी त्यासाठी इरिडियम वापरत, त्यामुळे पुष्कळ निबांवर आजही ते नाव कोरलेले आढळते. हा मणी एका बाजूने उडाला असेल किंवा पाती मुळापासून मुरगळली असतील, तरच निब बदलावी.

आपल्या पेनाला कोणती निब लागेल

सर्वप्रथम निब उघडी आहे की झाकलेली, हे पाहावे. १९४१ साली पार्कर ५१ हे पेन बाजारात आले. त्यात निबेचा बहुतेक भाग पुढच्या आवरणाखाली दडलेला होता आणि फक्त टोक बाहेर दिसत होते. एके काळी आपल्याकडे घरोघरी दिसणारी चिनी हिरो पेने, विशेषतः ६१६ आणि ३२९, याच प्रकारातली. त्यांची निब लहान आणि अरुंद असते. तिच्या जागी नेहमीची रुंद, उघडी निब काही केल्या बसत नाही. अशा पेनासाठी त्याच नमुन्याचे दुसरे स्वस्त पेन घेऊन त्यातली निब काढणे हाच सर्वांत सोपा उपाय असतो.

उघड्या निबेच्या पेनांत पुन्हा प्रकार आहेत. बहुतेक भारतीय पेनांत निब आणि जीभ दोन्ही पकडीत, म्हणजे लिहिताना बोटांनी धरतो त्या पुढच्या भागात, केवळ घट्ट दाबून बसवलेली असतात. काही पेनांत निब, जीभ आणि त्यांना धरणारी नळी असा आट्यांचा एकच संच असतो आणि तो फिरवून संपूर्ण बाहेर निघतो. लॅमी सफारीसारख्या पेनांत निब जिभेवर वरून सरकवलेली असते. ती चिकटपट्टीच्या साहाय्याने सरळ पुढे ओढून काढतात आणि तिच्या जागी लॅमीचीच निब लागते.

मापांच्या बाबतीत ‘५ नंबर’ आणि ‘६ नंबर’ हे शब्द सारखे कानावर येतात. ढोबळमानाने ५ नंबरची निब सुमारे ५ मिलिमीटर व्यासाच्या जिभेवर आणि ६ नंबरची सुमारे ६ मिलिमीटर व्यासाच्या जिभेवर बसते. भारतीय बनावटीच्या मोठ्या निबा मात्र ३५ मिलिमीटर, ४० मिलिमीटर अशा लांबीवरूनही ओळखल्या जातात. हे आकडे सर्व कंपन्यांत एकसारखे पाळले जात नाहीत. म्हणून आकड्यावर विसंबू नये. मोजपट्टीने निबेची एकूण लांबी आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी मोजून कागदावर लिहून घ्यावी व शक्य असेल तर पेनच सोबत न्यावे.

शोध कुठून सुरू करावा? जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगाव अशा गावांत जुन्या बाजारपेठेतली स्टेशनरीची दुकाने आधी पालथी घालावीत, कारण शाईची पेने शाळेत सर्रास वापरली जात होती त्या काळातला माल अशाच दुकानांच्या वरच्या फळीवर राहून गेलेला असतो. काउंटरवर दिसत नाही म्हणून परत फिरू नये. दुकानदाराला पेन दाखवून शांतपणे विचारावे, आणि दुकानात जुने मालक बसत असतील तर त्यांनाच विचारावे. ‘निप’ म्हणून मागितली तरी त्यांना बरोबर समजते. तिथे न मिळाल्यास ऑनलाइन मागवावी. कानराइट आणि अॅम्बिशियस या भारतीय निबा, तसेच जर्मनीतल्या बॉक आणि योवो या कंपन्यांच्या निबा सुट्या विकत मिळतात. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला आपली मोजमापे आणि मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या जुन्या निबेचे छायाचित्र पाठवावे.

जाडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. देवनागरी लिहिणाऱ्या नवशिक्याने बारीक, म्हणजे ‘एफ’ खुणेची निब घ्यावी. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांची दाटी असते. जाड निबेने ती अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि साध्या वहीच्या कागदावर शाई फुटली, तर ओळ वाचणेही कठीण होते. जाड, ओली निब चांगल्या कागदावर सुंदर दिसते, पण तो पुढचा टप्पा आहे. दुकानात मिळाल्यास निब शाईत बुडवून, जराही दाब न देता इंग्रजी आठचा आकडा काही वेळा गिरवून पाहावा. चारही दिशांना सारखीच सहज फिरली, तरच ती निब घ्यावी.

जुनी निब काढणे आणि नवी बसवणे

पेन रिकामे करून धुवावे आणि निबेचा भाग तासभर पाण्यात ठेवावा, म्हणजे वाळलेल्या शाईची पकड सुटते. मग निब दाबून बसवलेली असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा छोटा तुकडा निब आणि जीभ या दोहोंभोवती गुंडाळून, बोटांच्या चिमटीत दोन्ही एकत्र धरून सरळ रेषेत बाहेर ओढावीत. पक्कड वापरू नये, कारण तिने निबेवर वळ उमटतात आणि जिभेच्या खाचा मोडतात. पिळूही नये. काही पेनांत जीभ एकाच ठरावीक दिशेने बसते आणि पिळल्याने आतला खाचा-खिट्टीचा मेळ तुटतो. काढण्यापूर्वी निबेचे टोक जिभेच्या किती पुढे होते, याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवल्यास पुढचे काम सोपे होते.

नवी निब जिभेवर ठेवताना चीर बरोबर जिभेच्या चरावर आली पाहिजे. ती अर्ध्या मिलिमीटरने सरकली, तरी शाईचा मार्ग चुकतो. दोन्ही एकत्र धरून पकडीत हळूहळू, जिथे आपोआप घट्ट होतील तिथवर सरकवावीत. दाबताना बोटे निबेच्या टोकावर नकोत, रुंद भागावर असावीत. बसवल्यावर बाजूने उजेडात पाहावे. निब आणि जीभ यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली, तर निब जिभेला टेकलेली नाही. अशा वेळी निब काढून पुन्हा बसवावी. तरीही फट राहिली, तर त्या निबेचा बाक आपल्या जिभेशी जुळत नाही असे समजून ती बदलून घ्यावी. एबोनाइटची जीभ गरम पाण्यात मऊ करून निबेला जुळवून घेतात हे खरे, परंतु ते सरावाचे काम आहे आणि प्लॅस्टिकच्या जिभेवर तो प्रयोग केल्यास ती वाया जाते.

शाई भरणे

शाई फाउंटन पेनाचीच घ्यावी. चित्रकलेची जलरोधक शाई आणि शिक्क्याच्या पॅडची शाई पेनात कधीही घालू नये. चित्रकलेच्या शाईत लाखेसारखी द्रव्ये असतात आणि ती जिभेत वाळली की सहसा निघत नाहीत. कॅमल, ब्रिल, सुलेखा यांच्या साध्या निळ्या शाईपासून सुरुवात करणे उत्तम, कारण ती सहज धुतली जाते. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत. त्यांच्यातल्या रंगद्रव्यांची प्रतिक्रिया होऊन गाळ बसू शकतो.

पेनात कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी, किंवा फिरवण्याचा दट्ट्या असेल, तर निब दौतीत पूर्ण बुडवावी. निबेवरचे छिद्र शाईच्या पृष्ठभागाखाली गेले पाहिजे, अन्यथा शाईऐवजी हवाच आत येते. दट्ट्या खाली-वर दोन-तीनदा करून हवा बाहेर घालवावी, शेवटी वर ओढून पेन बाहेर काढावे, दोन-तीन थेंब परत दौतीत सोडावेत आणि निब मऊ सुती कापडाने टिपावी. हिरोसारख्या दाबायच्या पेनात धातूची पट्टी पाच-सहा वेळा दाबून सोडावी आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबावे. घाईने दाबल्यास पेन अर्धेच भरते. कार्ट्रिज, म्हणजे तयार शाईची बंद नळी, घेताना ते आपल्या पेनाच्या प्रकारचे आहे ना हे तपासावे, कारण पार्कर, पायलट, लॅमी यांची कार्ट्रिज वेगवेगळी असतात.

थेट नळीत शाई भरायचे ड्रॉपरचे पेन आपल्याकडे सर्वांत परिचित आहे आणि नीट न भरल्यास सर्वांत जास्त गळतेही तेच. पुढचा भाग आटे फिरवून काढावा आणि आटे कापडाने कोरडे करावेत. पाण्याच्या फिल्टरच्या रबरी रिंगांना लावतात ते सिलिकॉन ग्रीस आट्यांवर अगदी पातळ, एकाच फेऱ्यात लावावे. व्हॅसलिन लावू नये, आट्यांवर रबरी रिंग असल्यास ती त्याने कालांतराने फुगून खराब होते. मग ड्रॉपरने किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, सुई न लावलेल्या सिरिंजने नळीच्या भिंतीवरून शाई सोडावी. आटे सुरू होतात त्याच्या थोडे खाली थांबावे. पुढचा भाग बसवताना पेन उभे, निब वर अशी स्थिती ठेवावी आणि मग पेन उलटे करून टिपकागदावर निब टेकवून धरावी. जिभेच्या खाचांत शाईचा ओलावा पसरताना दिसतो आणि टिपकागदावर निळा ठिपका उमटतो. त्याला एखादे मिनिट लागते. पेन झटकून घाई करू नये. झटकल्याने भिंतीवर डाग पडतात, शिवाय जिभेत हवा शिरते.

ड्रॉपरचे पेन का ठिबकते, हे खानदेशात राहणाऱ्याने विशेषतः समजून घ्यावे. नळी निम्मी रिकामी झाली की उरलेल्या जागेत हवा असते. ती तापली की प्रसरण पावते आणि शाईला निबेकडे ढकलते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर जातो तेव्हा वातानुकूलित कार्यालयातून उन्हात आणलेले पेन टोपणात थेंब सोडते, हे बहुतेकांना अपेक्षित असते. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा १० अंशांच्या आसपास उतरलेला असतो आणि थंड पेनाला उबदार हात लागतो, तेव्हाही तोच परिणाम होतो. त्यामुळे शाई एक-तृतीयांशावर येताच पेन पुन्हा भरावे. उन्हाळ्यात टोपण घट्ट बंद ठेवावे, कारण उघडी निब काही मिनिटांत कोरडी पडते. दोन आठवडे पेन लागणार नसेल, तर ते रिकामे करून धुऊन ठेवावे. गाडीने प्रवासाला निघताना पेन एकतर पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि निब वर राहील अशा रीतीने ते खिशाला लावावे.