मूत्रपिंडाचा कर्करोग : दुर्बिणीची शस्त्रक्रिया की उघडी?

‘दुर्बिणीने होईल ना?’ हा प्रश्न नातेवाईक सर्वांत आधी विचारतात. पण त्याआधी सीटी स्कॅनच्या अहवालात गाठीचा आकार, तिची जागा आणि ती शिरेत शिरली आहे का, हे पाहावे. गाठ 4 सेंटिमीटरपर्यंत असल्यास शक्य तेथे तेवढाच भाग काढून उरलेले मूत्रपिंड वाचवतात; म्हणून छेद किती लहान, यापेक्षा मूत्रपिंड किती उरणार, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत साधारण 5 ते 12 मिलिमीटरची छिद्रे पाडतात. वेदना आणि रक्तस्राव सहसा कमी होतो व रुग्ण लवकर घरी जातो. मात्र संपूर्ण मूत्रपिंड काढायचे असल्यास ते बाहेर आणण्यासाठी बहुधा एक मोठा छेद लागतोच, याची रुग्णाला अनेकदा कल्पना नसते. गाठ महाशिरेत (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत) पसरली असेल, तर बहुतेक वेळा उघडी, म्हणजे मोठा छेद घेऊन केलेली शस्त्रक्रियाच निवडतात.

अशा शस्त्रक्रियांचा सर्जनचा स्वतःचा अनुभव किती, हे संकोच न करता विचारावे. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे मध्येच उघडी करावी लागू शकते; संमतीपत्रातील तो मजकूर सही करण्याआधी नीट वाचावा.