कोरम नसताना उरकली जाणारी ग्रामसभा कशी थांबवली

आमच्याकडे ग्रामसभेला जेमतेम तीसेक माणसं यायची आणि सह्या नंतर घरोघरी फिरून घ्यायचे, ठराव पास! नियम असा की कोरम, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी, पूर्ण व्हायला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा हजर पाहिजे. मग ह्यावेळी विषय सुरू व्हायच्या आधीच उठून म्हटलं, ग्रामसेवक भाऊ, आधी डोकी मोजा, अन् हरकत लेखी दिली, पोच घेतली, प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंदवायला लावली (तोंडी बोललेलं कुठेच राहत नाही). सभा तहकूब झाली. पण तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून पुढच्या तारखेची दवंडी पिटायला लावली आणि व्हॉट्सअपवर सगळ्यांना, बायकांनाही, गोळा केलं, तेव्हा कुठे पाणीपट्टीच्या ठरावावर नीट चर्चा झाली.