उलट्या होताहेत की झाल्यात?

मिरजेत मी नर्सिंगच्या मुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती इंग्रजीत द्यायची, हा आमचा रोजचा सराव. परवा एक मुलगी म्हणाली, ‘शी इज व्हॉमिटिंग सिन्स टू अवर्स.’ वाक्य सरळ मराठीतून उचललेलं. ‘दोन तासांपासून उलट्या होताहेत’ हे मराठीत अगदी बरोबर. पण मागे सुरू होऊन आत्तापर्यंत पोचलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘इज’ पुरत नाही, ‘हॅज’ लागतंच.

मग पूर्ण वर्तमानकाळ घ्यायचा की चालू पूर्ण? आधी मराठीत म्हणून बघा. तोंडात ‘होताहेत’ आलं तर ‘शी हॅज बीन व्हॉमिटिंग’. ‘चार झाल्यात’ आलं तर ‘शी हॅज व्हॉमिटेड फोर टाइम्स’. किती वेळा याचा आकडा आला की ‘बीन’ काढायचं. डॉक्टर कधीपासून आणि किती वेळा, दोन्ही विचारतात, म्हणून मी दोन्ही वाक्यं लागोपाठ म्हणायला लावते.

कामाचंही तसंच. ‘आय हॅव चेंज्ड द ड्रेसिंग’ म्हणजे बदललंय, झालं. ‘आय हॅव बीन चेंजिंग’ म्हटलंत तर पट्टी पुरी झाली की नाही, हे पुढच्या सिस्टरला कळणार नाही.

ही कसोटी एका जागी उलटते, ती नीट लक्षात ठेवा. ओळखणं, माहीत असणं, जवळ असणं या स्थिती आहेत, त्यांना ‘इंग’ लावत नाहीत, कितीही वर्षं झाली तरी. ‘त्यांना पाच वर्षांपासून डायबिटीस आहे’ याचं ‘ही हॅज हॅड डायबिटीज फॉर फाइव्ह इयर्स’. ‘हॅज हॅड’ ऐकून मुली थबकतात. त्यातलं ‘हॅज’ काळाचं, ‘हॅड’ आजार असण्याचं. हे मी वहीत दहादा लिहून घेते, कारण वॉर्डात ते रोज लागतं.

लिव्ह आणि वर्क यांना मुदतीसोबत दोन्ही रूपं चालतात, तिथे अडू नका.

राहिलं ‘पासून’. मराठीत ‘दुपारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ दोन्हीकडे तेच. इंग्रजीत घड्याळावर किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर सिन्स: सिन्स नून, सिन्स मंडे. तास-दिवस मोजावे लागले तर फॉर.

त्या मुलीनं शेवटी वाक्य स्वतःच दुरुस्त केलं: ‘शी हॅज बीन व्हॉमिटिंग फॉर टू अवर्स.’