पाचोळ्यापासून सुरुवात करा

जंगलातल्या अन्नद्रव्यांवर प्रबंध करायचं ठरलं की हात आधी मातीकडे जातो. माझाही गेला. कोकणात जांभ्यावरच्या जंगलात मी महिनाभर मातीचे नमुने घेत होते, आणि डोक्यावर ऐन-किंजळाची पानं गळत होती. हिशेब खरा तिथे सुरू होतो.

पाचोळा झेलायला एक चौरस मीटरच्या जाळ्या जमिनीपासून हातभर वर बांधा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गेलात तरी चालेल, पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला जा. मी एका जुलैत तीन आठवडे गेले नाही आणि पालाशाचे (पोटॅशियमचे) सगळे आकडे टाकून द्यावे लागले. पालाश पानात सुटाच असतो, चार सरींत धुऊन जातो. नत्र-स्फुरदाचं (नायट्रोजन-फॉस्फरसचं) वेगळं आहे: पान गाळण्याआधी झाड त्यातला बराच वाटा परत ओढून घेतं. म्हणून त्याच झाडाचं हिरवं पानही तपासा. नमुने ६५ ते ७० अंशांवरच वाळवा.

कुजणं मोजायला नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत पानं भरून मी जूनच्या तोंडावर जमिनीवर ठेवल्या. जुलैअखेर पहिली उघडली. पानं मऊ, काळपट, त्यांवर बुरशीचे पांढरे धागे. आणि जाळीतून आत आलेली केसासारखी मुळं थेट पानाला चिकटलेली! ती पिशवी हातात घेऊन मी किती वेळ बसले होते. प्रयोगशाळेत वजन घटलेलं, पण नत्राचं शेकडा प्रमाण वाढलेलं निघालं. चूक समजून मी दोनदा तपासलं. चूक नव्हती. कार्बन उडून जातो, नत्र बुरशी धरून ठेवते, वर बाहेरूनही ओढून आणते. हा आकडा खोडू नका.

झाडंच नसली तर काय होतं, यासाठी अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक या प्रयोगासाठी राखलेल्या जंगलातलं काम वाचा. तिथे १९६५ मध्ये एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली, तणनाशक मारून नवी उगवूही दिली नाहीत. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळून वाहून जाणारं नत्र, कित्येक पटींनी वाढलं.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे, राबाची. कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट फांद्या, तोडून भाताच्या रोपांसाठी जमिनीवर भाजतात तेव्हा पालाश-स्फुरद राखेतून शेतात जातं, नत्र बहुतेक धुरात. त्यामुळे जागा निवडण्याआधी गावात विचारा, तिथलं कवळ कोण तोडतं आणि शेवटचं कधी तोडलं.