बेळगावात अपार्टमेंटच्या साइटवर पहिल्यांदा लागणाऱ्यांसाठी

डिप्लोमा नाहीतर व्हीटीयूची बीई झाली की आपल्याकडची बरीच पोरं पुण्याची गाडी पकडतात आणि राहिलेली टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर नाहीतर खानापूर रोडला कुठल्यातरी बिल्डरकडं साइट इंजिनियर म्हणून लागतात. हे त्या राहिलेल्यांसाठी लिहितोय. प्लॅनिंग करायचंय, मग प्रायमावेरा शिकू का एमएसपी (दोन्ही प्लॅनिंगची सॉफ्टवेअर), असं सगळे विचारतात. शिका की, पण पार्किंगवर चार मजले आणि सोळा फ्लॅट एवढ्या कामाला एक्सेल बख्खळ होतंय. साइट अडकते ती सॉफ्टवेअर नसल्यामुळं नाही, कुठलं काम कशाच्या पोटात जाणार हे आधी कुणी बघितलेलं नसतं म्हणून अडकते. स्लॅबच्या पोटात लाइटचे पाइप जातात, टाइल्सच्या पोटात वॉटरप्रूफिंग, भरावाच्या पोटात ड्रेनेज. एकदा झाकलं की मग ब्रेकरच लावायचा. म्हणून झाकायची तारीख आधी धरायची आणि तिथून मागं मोजत यायचं.

आता लिफ्टचं बघा. लोकांना वाटतं लिफ्ट म्हणजे शेवटचं काम, रंगाच्या आसपास बघू. पण खाली पिट (लिफ्टखालचा खड्डा) किती खोल, डक्ट (लिफ्ट चालायची उभी पोकळी) आतून किती बाय किती, वर किती उंची सोडायची हे सगळं कंपनीच्या ड्रॉइंगवर ठरतंय, आणि पिट तर फाउंडेशनबरोबरच होतो. म्हणजे लिफ्ट कुठल्या कंपनीची हे फुटिंग (कॉलमचा पाया) खोदायच्या आधी फायनल पाहिजे, पैसे नंतर द्या हवं तर. ट्रान्सफॉर्मरची जागा पण तशीच, हेस्कॉमला (वीज कंपनीला) लोड किती मागायचा ते आर्किटेक्टकडनं आधीच काढून घ्या नाहीतर शेवटी कुणाचं तरी पार्किंग जातंय आणि ते पार्किंग विकलेलं असतंय.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. पुस्तकातला बारचार्ट (कामांच्या तारखांचा तक्ता) बेळगावच्या पावसाला चालत नाही. जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत काही खरं नाही, त्यात वडगाव-शहापूरच्या शिवाराकडची काळी माती असली तर खड्ड्यात पाणी, कडा ढासळलेल्या, पंप दिवसभर चालू आणि फुटिंगचा तळ मऊ झालेला. म्हणून लाइनआउट (जमिनीवर बिल्डिंगची आखणी) दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि प्लिंथ (जोत्यापर्यंतचं काम) मे संपायच्या आत, असं धरूनच चाला. पश्चिमेच्या तांबड्या मातीत थोडी सवलत आहे, तरी भराव पावसात नकोच. मुरूम सहा ते आठ इंचाच्या थरानं पाणी मारून दाबायचा असतो. एकदम ट्रॉली ओतून वर कोबा केला की दोन वर्षांनी पार्किंगची फरशी बसते. लेबरचं पण कॅलेंडर असतंय. विजापूर-बागलकोटकडचे गवंडी-बिगारी नागपंचमीला गावाकडं जाणार म्हणजे जाणारच, सुगीला जाणार, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला पण जाणार. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, त्या आठवड्यात स्लॅब ठेवायचा नाही एवढंच. बिहार-यूपीची सेंट्रिंग गँग (स्लॅबचा साचा लावणारी) असली तर त्यांची होळी आणि छठ. मोडकंतोडकं का होईना कन्नड बोलायला शिका, नाहीतर सगळे निरोप मुकादमामार्फत जातात आणि मुकादम त्याला सोयीचं तेवढंच सांगतो.

स्लॅबचा दिवस. नवीन पोरगं सगळ्यात जास्त इथंच घाबरतं आणि घाबरलेलं बरंच. आदल्या दिवशी संध्याकाळी चेकिंग संपवायचं, सकाळी नाही. सळ्या बीबीएसप्रमाणं (सळ्यांच्या यादीप्रमाणं) आहेत का, सळी साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक आहेत का (स्लॅबला 20, बीमला 25, कॉलमला 40 मिलिमीटर), चेअर्स (वरच्या जाळीचे टेकू) बसवल्यात का नुस्ती वरची जाळी पायानं दाबून सपाट झालीय, बाथरूमच्या स्लीव्ह (पाइपसाठी सोडायची भोकं) जागेवर आहेत का, आणि इलेक्ट्रिशियन खरंच येऊन गेलाय का फोनवर "झालं साहेब" म्हणालाय. मग मोबाइलनं प्रत्येक खोलीचे फोटो काढा, टेप लावून, म्हणजे पुढं एसीसाठी ड्रिल मारताना पाइप कुठनं गेलाय ते बघता येतं. सकाळी मुकादम म्हणणारच, "साहेब, मिक्सर येऊलाय, आता काय बघत बसलासा?" बसू दे बोंबलत. सही तुमची असते.

काँक्रीटमध्ये जादा पाणी घालायला देऊ नका. पंपवाला म्हणतो पाइप चोक होतोय, गवंडी म्हणतो पसरत नाही, आणि कुणीतरी हळूच बादली ओततं. स्लम्प घ्या (काँक्रीट किती पातळ ते मोजा), पातळ करायचं तर प्लांटवाल्याकडनं केमिकल, म्हणजे अॅडमिक्स्चर. क्यूबचं (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं) पण सांगतो, आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणं 60 घनमीटरच्या स्लॅबला पाच सॅम्पल येतात आणि एका सॅम्पलला तीन क्यूब, म्हणजे पंधरा. आपल्याकडं तीन भरले की झालं समजतात. एम25 ग्रेडच्या काँक्रीटचा क्यूब सात दिवसांला साधारण दोनतृतीयांश ताकद दाखवतो, खरा निकाल 28 दिवसांला. टेके (स्लॅबखालचे आधार) काढायची घाई असतेच कारण सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटला पाहिजेत. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतचा स्लॅब असला तर सात दिवस, त्यापेक्षा मोठा असला तर चौदा, आणि बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा, त्याच्या वर एकवीस. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर अजून थांबा. क्युरिंग उन्हाळ्यात तर विसरूच नका, स्लॅबवर वाफे घालून पाणी भरा, पाइप धरून फवारा मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

फिनिशिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो, बाथरूम. पझेशननंतर येणाऱ्या कंप्लेंट बघा, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल हीच पहिली. प्लंबिंगच्या पाइपला प्रेशर टेस्ट, मग वॉटरप्रूफिंगचा कोट, मग पाणी भरून निदान दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन स्वतः छत बघायचं, ट्रॅपच्या (फरशीतल्या ड्रेनच्या) भोवती जास्त. मगच वर टाइल्स. टाइल्सवाला रोजावर असेल तर तो दोन दिवस बसून राहणार, आणि इथंच मालकाचा फोन येतो की जाऊ दे सोड. ते दोन दिवस तुमच्या एक्सेलमध्ये आधीपासून लिहिलेले असले तर बोलायला तोंड राहतं.

कागदपत्रं बिल्डरची, पण वाचता आली पाहिजेत. एनए (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी, महानगरपालिकेचं लायसन्स. जागा 500 चौरस मीटरच्या वर किंवा आठाच्या वर फ्लॅट असले की रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) रजिस्ट्रेशन, आणि गिऱ्हाइकाकडनं आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, ते काम किती झालं त्याच्या सर्टिफिकेटवरच निघतात. म्हणजे तुम्ही स्लॅबची तारीख चुकवली की नुस्तं काम थांबत नाही, पैसा पण थांबतो. पझेशननंतर पाच वर्षं स्ट्रक्चरची जबाबदारी बिल्डरवर असते. आणि डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ओसी (बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणं झाल्याचा, राहायला परवानगी देणारा दाखला) दाखवल्याशिवाय लाइट-पाण्याचं कनेक्शन द्यायचं नाही, तेव्हा "बाल्कनी जरा वाढवून घेऊ" असं साइटवर कुणी म्हणालं तर आर्किटेक्टचा कागद मागा.

पहिली नोकरी शक्यतो एकच बिल्डिंग चालू असलेल्या छोट्या बिल्डरकडं धरा, लाइनआउटपासून चावी देईपर्यंत सगळं बघायला मिळतं. पगार कमी असतोय. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा, स्ट्रक्चरल इंजिनियर साइटवर कधी येतात आणि स्टीलची गाडी आल्यावर वजनकाट्यावर कोण जातं. दुसऱ्याचं उत्तर "ड्रायव्हरच जातो" असं आलं तर 12 एमएमची सळी मीटरला 0.89 किलो भरते हे पाठ करूनच जॉइन व्हा, म्हणजे सळ्या मोजून गाडीचं वजन स्वतः ताडून बघता येतं.