ग्लेन गूल्डचा रशिया दौरा आपल्या गावच्या हॉलात ऐकवायचा असेल तर

पहिली गोष्ट, पत्रिकेवर "संगीताला सीमा नसतात" असलं काही छापू नका. छापलंत म्हणून कोणी मारणार नाही, पण मग येणारा माणूस भाषण ऐकायच्या तयारीनेच येतो आणि आपल्याला तर त्याला दोन तास पियानो ऐकवायचाय. सीमा होत्या हो, चांगल्या पक्क्या होत्या, कोण जाणार आणि काय वाजवणार यावर दोन्हीकडच्या सरकारांचं बारीक लक्ष होतं, आणि म्हणूनच तर हे दौरे ऐकण्यासारखे आहेत. पोलादी पडद्यापलीकडे, म्हणजे शीतयुद्धातल्या सोव्हिएत रशियात जाऊन या कॅनडाच्या पियानोवादकाने नेमकं काय वाजवायला निवडलं, सगळं त्यातच आहे. बाकी शांततेबद्दल वगैरे बोलायला आपल्याकडे सत्कार समारंभ कमी नाहीत.

गोव्यात असली बैठक लावायची तर अजून एक भानगड असते. आपल्याकडच्या मराठी वाचनालयाकडे, भजनी मंडळाकडे, नाट्यमंडळाकडे हॉल असतो, खुर्च्या असतात, रात्र रात्र बसून ऐकणारी माणसं असतात, पण पियानो म्हटलं की तो "तिकडच्यांचा", चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सुरांचं वाचन शिकलेल्यांचा, आणि ज्यांच्या घरात पियानो आहे ती मंडळी आपल्या हॉलाची पायरी चढत नाहीत कारण तिथे मराठी चालतं. दोन्ही घरांत अंतर किती, तर मधे एक पोदेराची, म्हणजे पाववाल्याची भट्टी. तेव्हा त्या बाजूची निदान चार डोकी आली पाहिजेत, नाहीतर मॉस्कोच्या गप्पा मारत आपण आपल्याच वाड्यात बसलेले.

त्यांना बोलवायचं कसं? पत्रिका पाठवून कोणी येत नाही, काम सांगा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या ग्रेड परीक्षा देणारं एखादं पोर कोणाच्या तरी ओळखीत असतंच, त्याला म्हणा बाबा सुरुवातीला दहा मिनिटं येऊन कीबोर्डवर फ्यूग म्हणजे काय ते वाजवून दाखव. पोर आलं की आईबाप येतात, आईबाप आले की त्यांच्याबरोबर एक दोन शेजारी येतात. निवेदन मराठीत की कोंकणीत हे आधीच ठरवून टाका आणि हॉलमध्ये त्यावर चर्चा ठेवू नका, एकदा तो विषय निघाला की गाडी थेट गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर जाते आणि पियानो राहतो बाजूला.

तारीख बघताना कॅलेंडर दोन्हीकडचं बघा. चतुर्थी, जत्रांचे दिवस, श्रावणातला वास्कोचा सप्ताह हे आपल्याला माहीत असतं, पण कार्निव्हलनंतरचे उपासाचे दिवस आणि नोव्हेंबर अखेरचे जुन्या गोव्याचे नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आपण विसरतो आणि मग "ते लोक येतच नाहीत" म्हणतो. रविवारी दुपारी चार बरं. पावसाळ्यात लावत असाल तर हॉल स्लॅबचाच घ्या, पत्र्याच्या शेडवर पाऊस सुरू झाला की हळू वाजवलेलं एक अक्षर ऐकू येत नाही, आणि पियानोची अर्धी जादू तर हळू वाजवण्यातच असते. स्पीकर गणपतीतले डीजेवाले नकोत, घरातली साधी स्टिरिओ जोडी चालेल, बेस कमी करून ठेवा. फाइली आधीच उतरवून लॅपटॉपवर घ्या, नेटच्या भरवशावर राहू नका, लाइट गेली तर काय याचा विचारही त्याच दिवशी करून ठेवा.

आता माहिती. पाच मिनिटांत सांगायची, जास्त नाही. मे १९५७, ग्लेन गूल्ड, कॅनडातल्या टोरांटोचा, वय २४. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची त्याची रेकॉर्ड १९५६ च्या जानेवारीत आली आणि अमेरिकेत त्याचं एकदम नाव झालं, पण मॉस्कोच्या रसिकाला हा कोण ते ठाऊक नाही. स्टालिन जाऊन चार वर्षं झालेली, १९५६ च्या फेब्रुवारीत ख्रुश्चेवने पक्षाच्या बंद दाराआड स्टालिनचं सगळं बाहेर काढलेलं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हंगेरीत रणगाडे घातलेले. दार उघडतंय की बंद होतंय हे तिथल्या लोकांनाच कळत नव्हतं, अशा वेळी हा गेला. महायुद्धानंतर सोव्हिएत युनियनमध्ये जाऊन वाजवणारा उत्तर अमेरिकेतला पहिला पियानोवादक म्हणून त्याचं नाव घेतात. हे सांगताना हॉलमध्ये पंचाहत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना विचारा की तेव्हा इथे काय होतं, कारण १९५७ साली गोवासुद्धा बंदच होता, १९५५ पासून भारताची नाकेबंदी, मुंबईतल्या गोवेकराला घरी यायचं तर केवढी यातायात. पलीकडे जाणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून दोन मिनिटांत कळतं, आपण पानभर बोलायची गरज पडत नाही. फक्त माइक त्यांच्या हातात देऊ नका, परत मिळत नाही.

७ मेला मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला. हॉल पुरता भरलेलाही नव्हता. सुरुवात बाखच्या आर्ट ऑफ फ्यूगने, मग बाखचीच सहावी पार्टिटा, पुढे बेथोव्हेनचा ओपस १०९ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) चा सोनाटा आणि आल्बान बेर्गचा सोनाटा. तर मध्यंतरात काय झालं, ऐकणारे धावत फोनकडे गेले आणि ओळखीच्या लोकांना सांगत सुटले की असशील तसा निघून ये, आणि दुसऱ्या भागात हॉल गच्च. ही गोष्ट मध्यंतराच्या बरोब्बर आधी सांगा, आणि मग पंधरा मिनिटांचा खराखुरा मध्यंतर द्या, चहा मिरचीभजी सकट. लोक हसत हसत व्हॉट्सॲप करतात, आणि खरंच चार-पाच जण येतात, मागच्या खुर्च्या आधीच मांडून ठेवा.

पहिल्या भागात आर्ट ऑफ फ्यूगमधला पहिला फ्यूग लावा. त्याआधी त्या पोराकडून नुसता विषय, म्हणजे ती सुरुवातीची ओळ, एका बोटाने दोनदा वाजवून घ्या, लोकांना पाठ झाली पाहिजे. भजनात बुवा ओळ म्हणतो आणि मागचे झील धरतात पण ते सगळे तीच ओळ एकदम म्हणतात, इथे एक आवाज ओळ म्हणून पुढे निघून जातो, दुसरा तीच ओळ वेगळ्या सुरावरून उचलतो आणि पहिला काही गप्प बसत नाही, असे चार. एवढं सांगून लावलं की भजनी मंडळातले लोक ओळ कुठे परत आली ते बोटांवर मोजायला लागतात. त्यांचा कान तयारच असतो, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

गूल्डचं रेकॉर्डिंग लावलं की एक प्रश्न नक्की येतो, मागे कोण गुणगुणतंय? तोच. वाजवताना गुणगुणायची त्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. बसायचा वडिलांनी पाय कापून दिलेल्या बुटक्या घडीच्या खुर्चीवर, नाक जवळजवळ पट्ट्यांना लागेल एवढा खाली. याचा फोटो पडद्यावर दाखवा, लोकांना आवडतो, पण त्यावर फार रेंगाळू नका, विक्षिप्तपणाच्या गोष्टींत गूल्ड हरवतो.

या सगळ्या दौऱ्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती १२ मेची मॉस्को कॉन्झर्वेटरीतली विद्यार्थ्यांसमोरची बैठक. तिचं रेकॉर्डिंग मिळतं, त्यात तो बोलतोय आणि दुभाषी रशियनमध्ये सांगतोय हेही ऐकू येतं. १९४८ मध्ये पक्षाने ठराव करून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्हसारख्यांना "फॉर्मॅलिस्ट", म्हणजे लोकांना न कळणारं नुसतं रचनेचं कसब करणारे, ठरवून झोडपलं होतं, आणि व्हिएन्नाचे शोनबर्ग, बेर्ग, वेबर्न म्हणजे तर त्यांच्या लेखी बूर्झ्वा सडकेपणाचा नमुना, वर्गात शिकवायचा प्रश्नच नाही. हा पाहुणा म्हणून गेला आणि तेच वाजवायला बसला, बेर्ग, मग वेबर्नच्या ओपस २७ व्हेरिएशन्स, मग क्रेनेक, आणि प्रत्येकाच्या आधी समजावून सांगतोय. काही प्रोफेसर उठून गेले म्हणतात. पोरं बसून राहिली. शेवटी त्यांच्यासाठी बाखही वाजवला.

वेबर्न लावायला घाबरू नका, सगळं मिळून पाचसहा मिनिटांचं आहे. आधी फक्त एवढं सांगा की पेटीच्या एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून जे बारा सूर असतात ते बाराही इथे एका ठरलेल्या क्रमाने येतात, कोणालाच मान जास्त नाही, म्हणजे यात सा नाहीच. आपल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, सा नाही म्हणजे गाणं उभं कशावर राहणार? बसू द्या धक्का. मॉस्कोतल्या त्या प्रोफेसरांना काय वाटलं असेल ते मग वेगळं सांगावं लागत नाही, आणि आपल्यातलाही एखादा काका उठून बाहेर गेला तर जाऊ द्या, चहाच्या वेळी परत येतो.

दुसऱ्या भागात दोन दौरे थोडक्यात घ्या, कारण पलीकडे जायची पद्धत एकच नसते. व्हॅन क्लायबर्न, टेक्सासचा, २३ वर्षांचा, एप्रिल १९५८ मध्ये मॉस्कोला पहिल्या चायकोव्स्की स्पर्धेला गेला. स्पुटनिक उडून सहा महिने झालेले, अमेरिकेचं नाक कापलेलं, स्पर्धा रशियाची, परीक्षकांचा प्रमुख सोव्हिएत पियानोवादक एमिल गिलेल्स, आणि जिंकला हा. बक्षीस अमेरिकनाला द्यायचं का म्हणून ख्रुश्चेवला विचारलं तेव्हा तो म्हणाला, सगळ्यात चांगला तोच आहे ना, मग द्या, असं सांगतात. त्याने यजमानांचंच वाजवलं, चायकोव्स्कीचा पहिला कॉन्चेर्टो (म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना) आणि राखमानिनोव्हचा तिसरा. आणि त्याची न्यूयॉर्कमधली गुरू रोझिना लेविन कोण, तर मॉस्को कॉन्झर्वेटरीतूनच सुवर्णपदक घेऊन निघालेली! म्हणजे त्यांचं घराणं त्यांनाच परत ऐकवलं, घराण्याच्या गोष्टीत मुरलेल्या मराठी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. चायकोव्स्कीचा शेवटचा भाग लावा, सात मिनिटं, हॉल जागा होतो.

तिसरा होरोविट्झ, मूळचा तिकडचाच पियानोवादक. १९२५ मध्ये रशिया सोडला तो थेट १९८६ मध्ये परत आला, वय ८२, पियानोसुद्धा स्वतःचा स्टाइनवे बरोबर घेऊन, आणि २० एप्रिलला त्याच मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या हॉलमध्ये वाजवलं. याचा व्हिडिओ आहे, शुमनचं त्रॉयमराय दाखवा, तीनएक मिनिटांचं, कॅमेरा वाजवणाऱ्यावर असतो तेवढाच ऐकणाऱ्यांवर फिरतो. इथे पंखे बंद करा. निवेदकाने या जागी तोंड उघडू नये, अगदी बोलायचंच असेल तर आधी.

म्हणजे एकाने त्यांना नको असलेलं नेलं, एकाने त्यांचंच त्यांना वाजवून दाखवलं, एक घरी परत आला. चर्चेला एवढाच धागा ठेवा, यातलं सगळ्यात अवघड कोणतं. माझं मत गूल्ड, कारण टाळ्या मिळवायच्या तर बाखवर थांबला असता तरी चाललं असतं. पण क्लायबर्नवाले हॉलमध्ये नेहमी जास्त निघतात, वाद होऊ द्या. कोणीतरी बाबूजी आणि लताबाईंचं काढणारच, १९५४ मध्ये सुधीर फडक्यांनी पुण्यात लताबाईंचा कार्यक्रम करून दादरा-नगर हवेलीच्या लढ्याला पैसे उभे केले होते ते. काढू द्या, तेही या विषयात बसतं, फक्त तिथे गाणं एका बाजूने उभं होतं आणि इथे ते पलीकडे चाललंय एवढा फरक सांगून पुढे सरका.

गूल्ड परत रशियाला गेला का, हे विचारतातच. नाही. १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये वाजवलं आणि त्यानंतर त्याने जाहीर कार्यक्रमच सोडले, पुढे फक्त स्टुडिओ.

बैठक जमली तर पुढची उलट दिशेची लावा, रशियातून अमेरिकेत. गिलेल्स १९५५ मध्ये गेला आणि अमेरिकन लोक वाखाणायला लागले तर म्हणाला थांबा, अजून आमचा पियानोवादक रिख्टर ऐकायचाय तुम्हाला. त्या रिख्टरला सोडायला सरकारने १९६० उजाडवलं, १५ ऑक्टोबरला शिकागोत ब्राह्म्सचा दुसरा कॉन्चेर्टो. तो पाऊण तासाच्या वर जातो, मधे तोडू नका, तेव्हा त्या दिवशी बैठक चारच्या ऐवजी साडेतीनला सुरू करा आणि भजी आधीच द्या.