बचावपटूची अल्पकालीन कारकीर्द कशी जोखावी : बॉबी ऑर यांच्या आकड्यांच्या आधारे

आइस हॉकीत एखाद्या बचावपटूचा खेळ दुखापतीमुळे लवकर थांबला असेल, तर त्याची थोरवी एकूण बेरजेवरून ठरवणे अन्यायाचे आहे. असा खेळाडू कसा जोखावा, हे कॅनडाच्या बॉबी ऑर यांच्या कारकिर्दीवरून उत्तम शिकता येते. १९६६ साली १८व्या वर्षी ते बोस्टन ब्रुइन्सकडून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरले आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये, ३०व्या वर्षी, निवृत्त झाले.

प्रथम गुणांना सामन्यांनी भागावे. गोल आणि गोलसाहाय्य या दोन्हींना प्रत्येकी एक गुण मिळतो. ऑर यांचे ६५७ सामन्यांत ९१५ गुण आहेत, तर दीर्घकाळ खेळलेले दुसरे बचावपटू रे बोर्क यांचे १,६१२ सामन्यांत १,५७९. बेरजेत बोर्क खूप पुढे आहेत. सरासरी काढली की ऑर १.३९ आणि बोर्क ०.९८ असे चित्र दिसते. मात्र येथेच थांबू नये. बोर्क चाळिशीपर्यंत खेळले, त्यामुळे उतरत्या वयातील हंगामही त्यांच्या सरासरीत आले; ऑर यांच्या वाट्याला ते वय आलेच नाही. शिवाय १९६७ मध्ये लीगमधील संघ ६ वरून १२ झाले आणि नवख्या संघांविरुद्ध गोल करणे सोपे झाले, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून पुढची तुलना त्याच हंगामातील इतरांशी करावी, आणि माझ्या मते हीच सर्वांत विश्वसनीय कसोटी आहे. १९६९-७० मध्ये ऑर यांनी १२० गुण मिळवून आघाडीच्या सर्व खेळाडूंना मागे टाकले आणि १९७४-७५ मध्ये १३५ गुणांसह ते पुन्हा लीगमध्ये पहिले आले. गुणतालिकेत अव्वल ठरलेला दुसरा बचावपटू आजवर झालेला नाही. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक तर त्यांनी १९६८ ते १९७५ असा सलग ८ वेळा जिंकला.

बचावपटूचे खरे काम गोल रोखण्याचे असल्यामुळे ‘प्लस-मायनस’ हा रकानाही पाहावा. खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या गोलांतून संघावर झालेले गोल वजा करून तो काढतात. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना संख्याबळाच्या जोरावर झालेले गोल त्यात धरत नाहीत. १९७०-७१ मधील ऑर यांचा अधिक १२४ हा एका हंगामाचा विक्रम अजून अबाधित आहे.

शेवटी रिकाम्या जागा वाचाव्यात. डाव्या गुडघ्यावरील वारंवारच्या शस्त्रक्रियांमुळे १९७५-७६ मध्ये ते १० सामने खेळले, शिकागोकडे गेल्यावर पहिल्या हंगामात २०, त्यानंतरच्या हंगामात एकही नाही आणि अखेरच्या हंगामात ६. हे ३६ सामने अनेकजण ऱ्हासाचा काळ म्हणून सोडून देतात, पण ते अवश्य स्वतंत्रपणे मोजावेत : त्यांत ४५ गुण आहेत, म्हणजे सामन्यामागे १.२५.